दोन्काचे हात

दोन्कानं वाकून कूम ल्यूबेनचा हात ओठांना लावला आणि दरवर्षीसारखं म्हणाली, "कूम, माफ करा." एवढं म्हटलं की पुरतं. पण यंदा तिला राहवलं नाही. "माझ्या हातांमुळे कारखान्याचं नाव गेलं. त्याचीही माफी द्या."

मोठ्या उपवासाआधीच्या या रविवारी आसेनोवग्राद गावातले धाकटे थोरल्यांच्या घरी जाऊन वर्षभराच्या चुकांची माफी मागतात. आणि थोरल्यांतला थोरला म्हणजे कूम. दोन्का आणि स्तोइलच्या लग्नात ल्यूबेननंच चर्चमध्ये दोघांच्या डोक्यांवर मुकुट धरले होते. तेव्हापासून त्याचा शब्द त्यांच्या घरात बापाच्या शब्दाहून वरचा. शिवाय कारखान्याचा मालकही तोच.

ल्यूबेननं क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माफ केलं, पोरी. देवानंही करावं." दोन्काला भरून आलं.

कारखान्यात वाइनची आम्लता मोजायची यंत्रं बनत. वाइनमध्ये बुडणाऱ्या काचेच्या सेन्सरकडून येणारा प्रवाह इतका क्षीण असतो, की तो वाढवणारी अँप्लिफायरची चिप स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह न पिणारी लागते. त्या चिपचा सेन्सरला जोडायचा तेवढा एक पाय बोर्डावर टेकवायचा नाही; उचलून टेफ्लॉनच्या इवल्या खुंटीवर अधांतरी सोल्डर करायचा. बोटाचा डाग राहिला, तरी त्या डागावरून प्रवाह पळतो आणि आकडा खोटं बोलायला लागतो. हे काम लग्नापासून दोन्काकडे होतं. हात धुऊन, बोर्ड स्पिरिटनं पुसून, श्वास धरून ती ते करायची. हाताला तिनं कधी क्रीम लावलं नाही. हिवाळ्यात बोटांना भेगा पडत आणि स्तोइल म्हणे, तुझ्यापेक्षा झाडाची साल मऊ. तिला त्याचं काही वाटत नसे. आपल्या हातांचा तिला गर्व होता आणि तो तिनं कधी लपवलाही नाही.

गेल्या उन्हाळ्यात यंत्रं गिऱ्हाइकांकडून परत यायला लागली. वाइनच्या थंड तळघरात ती नीट चालत, बाहेर उकाड्यात नेली की आकडा सरके. ल्यूबेननं दोन्काला बाजूला घेऊन मोठ्या मायेनं समजावलं की वयानुसार बायकांच्या तळहातांना घाम सुटतो, त्यात तिचा काय दोष. दुसऱ्या दिवसापासून ती खोकी बांधायच्या टेबलावर बसली. तिनं वाद घातला नाही. कूम कशाला खोटं बोलेल? घरी पीठ मळता मळता थांबून ती तळहात उताणे करून बघायची. कोरडेच दिसायचे, तरी तिचा स्वतःवरचा संशय काही जात नव्हता.

आता स्वयंपाकघरात ल्यूबेनची बायको त्सोन्का हलवा कापत होती. दोन्काचे ओले डोळे बघून ती म्हणाली, "अगं, पुरे आता. गिऱ्हाइकाला काहीतरी सांगावंच लागतं. स्वस्तातली चिप घातली, असं सांगायचं होतं का त्यानं?"

"कुठली चिप?"

"तीच, सोफिया शहरातून आणलेली. वर नाव तेच, पण गरम झाली की प्रवाह पिते म्हणे. मला मेलीला काय कळतंय त्यातलं." बोलता बोलता त्सोन्काची सुरी थांबली. "स्तोइलनं सांगितलं नाही तुला? तोच तर गाडीतून घेऊन आला."

दोन्का बाहेरच्या खोलीत आली. ल्यूबेन पाहुण्यांचे पेले भरत होता. तिनं सगळ्यांसमोर विचारलं, चिप बदलली होती का. तो म्हणाला, सणाचा दिवस आहे, उद्या कारखान्यात बोलू.

"मी आत्ता तुमची माफी मागितली, कूम. आणि तुम्ही दिलीत."

"दिली ना? मग बिघडलं कुठे?"

"आता तुम्ही मागा."

ल्यूबेननं बाटली खाली ठेवली. तो चिडला नव्हता, उलट तिची कीव आल्यासारखा बोलला. "थोरल्यानं धाकट्याकडे मागायची रीत नाही, पोरी."

दोन्कानं नवऱ्याकडे पाहिलं. स्तोइल मान खाली घालून उकडलेलं अंडं सोलत होता. कूमचं तिनं गिळलंही असतं; मालक शेवटी मालक. पण हा माणूस रोज संध्याकाळी तिला तळहात न्याहाळताना बघत होता. एकदा तर त्यानं ते आपल्या हातांत घेऊन म्हटलं होतं, होईल गं कमी.

ती कोट न घालताच बाहेर पडली. कोट घेऊन स्तोइल मागून धावला. "दोघांचीही नोकरी गेली असती," तो म्हणाला. "दोन्का, मला माफ कर."

आजच्या दिवशी मागणाऱ्याला कुणी रिकाम्या हातानं परत पाठवत नाही. 'माफ केलं' एवढे दोन शब्द म्हणायचे, की झालं. ते शब्द दोन्काच्या तोंडून काही केल्या निघेनात.

अंगणातून रस्त्यावर उतरणाऱ्या पायऱ्यांवर बर्फ गोठला होता. अशा पायऱ्यांवर नेहमी द्यायचा, तसा स्तोइलनं तिला हात दिला. दोन्कानं उघडा तळहात दगडी भिंतीला टेकवला आणि भिंतीच्या आधारानं एकेक पायरी उतरू लागली.