मैनाबाईचा अर्धा तास

आपल्याकडे बाई रस्त्यानं दिसली की ती कुठंतरी निघालेली असते. वावरात, दळणाला, पाण्याला, नाहीतर कोणाच्या मयतीला. नुसतं चालायचं म्हणून चालणारी बाई बार्शीटाकळीकडच्या त्या खेड्यात कोणी पाहिली नव्हती. पण हे अकोल्याच्या दवाखान्याला कोण सांगणार? त्यांनी मैनाबाईच्या छातीत स्प्रिंग बसवली, मनगटाला ठोके मोजणारा पट्टा बांधला आणि बजावलं, की रोज सकाळी अर्धा तास सपाट रस्त्यानं, मोकळ्या हातानं चालायचं. ठोके फोनवरून इकडे दिसतील. दर आठवड्याला अकोल्याला यायची गरज नाही.

नत्थुजीला, तिच्या नवऱ्याला, ते सोयीचंच वाटलं. सारख्या चकरा झाल्या असत्या तर गावात बोभाटा झाला असता. पोरीची, पौर्णिमाची, सोयरीक पातूरच्या शाळेतल्या कारकुनाशी जुळत आली होती. बोंडअळीनं लागोपाठ दुसऱ्या वर्षी कापूस खाल्ला होता, आणि पोरगी वावरवाल्याच्या घरी द्यायची नाही हे नवराबायकोनं पक्कं केलं होतं. आईला हार्टचं आहे कळलं, की पोरीलाही निघेल म्हणून पाहुणे पाय मागं घेतात. म्हणून मैनाबाई आठ दिवस बहिणीकडे गेली होती, असं गावाला सांगितलं.

चौथ्या सकाळी शेजारच्या गोदाबाईनं ओट्यावरून हटकलं. गोदाबाईचं तोंड म्हणजे गावची दवंडी.

"काहून व मैना, रोज रिकामीच जाऊन राहिली, रिकामीच येऊन राहिली. काही हरपलं का तुहं?"

मैनाबाई नुसती हसली. घाम फुटला तो नत्थुजीला.

"उद्यापासून डोक्शावर पान्याची गुंडी घेत जा," तो घरात आल्यावर म्हणाला. "पानी आनाले चालली म्हनाव."

"मोकळ्या हातानं चाला म्हनते ना ते दवाखान्यातली पोरगी."

"रिकाम्या गुंडीचं काय वजन व?"

रिकामी गुंडी दोनच दिवस चालली. पाण्याला गेलेली बाई कोरडी गुंडी घेऊन परत येते का? तिसऱ्या दिवशी मैनाबाईनं शिवेवरची हापशी हापसली आणि भरली गुंडी डोक्यावर घेऊन घरी आली. नत्थुजीला त्यात वावगं वाटलं नाही. जन्मभर तिनं अशा दोन-दोन गुंड्या वाहिल्या होत्या, आणि चालणं तर होतच होतं.

शुक्रवारी अकोल्याहून अलीझाचा फोन आला. व्यायाम सांगणारी ती पोरगी फोनवरूनच मैनाबाईवर लक्ष ठेवायची.

"काकू, पावलं छान झालीत. पण येताना ठोके फार वाढतात. रस्त्याला चढ आहे का?"

मैनाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. नत्थुजीनं फोन आपल्या हातात घेतला.

"हो, चढ हाये ना."

त्या शिवारात चढ औषधालाही नव्हता.

"काही उचलत तर नाहीत ना त्या?"

"छ्या! मोकळ्याच हातानं जाते."

"मग दुसरा रस्ता धरा, काका. अन् धाप लागली तर चालणं बंद. लगेच मला फोन."

फोन ठेवल्यावर मैनाबाई हळूच म्हणाली, "धाप लागते मले. सांगून टाकाले पायजे होतं तिले."

"सोमवारी पाहुने येऊन राहिले. तवरोक काढ. मंग बस घरात, कोनी बोलत नाही तुले."

बायको त्याला नकोशी होती असं नव्हे. दवाखान्यात तो पाच रात्री तिच्या पायथ्याशी जमिनीवर झोपला होता. पण लोक काय म्हणतील, हे भूत मानगुटीवर बसलं की माणसाला घरचं माणूस दिसत नाही.

रविवारी सकाळी मैनाबाई भरल्या गुंडीसकट रस्त्यात पडली. ऑटो बार्शीटाकळीपर्यंत पोचला. ती पोचली नाही.

दुपारी अंगणात गाव जमलेलं असताना फोन वाजला.

"काका, सकाळपासून काकूंचे ठोके दिसत नाहीत. पट्टा काढून ठेवलाय का?"

नत्थुजीला सगळ्यांसमोर रडू फुटलं. "गेली व पोरी ते. चढ नव्हता तिथं. भरली गुंडी होती डोक्शावर. म्याच देल्ली. हार्टचं लपवाले देल्ली!"

पौर्णिमा आईच्या पायावर डोकं ठेवून पडली होती, तिनं मान वर केली. बायांतून गोदाबाई उठली आणि त्याच्यासमोर येऊन बसली. आता ही काय काय ऐकवते, म्हणून त्यानं मान खाली घातली.

"मले शुगर हाये, नत्थुजी," ती म्हणाली. "दोन सालापासून डाक्टर चालाले सांगून राहिला. लोकं हासतीन म्हनून मी ओट्यावरून उठलीच नाही. मैना जाताना दिसे तं वाटे, इच्यासंगं आपूनबी जावं. म्हनून इचारलं होतं मी तिले." तिनं पदर डोळ्यांना लावला. "एक डाव सांगतलं असतं, तं दोघी गेलो असतो ना, बापा."