तोबऱ्याचा बिगूल

मी चढावरचा दगड बोलतोय. स्मारक वगैरे नंतर झालो. आधी नुसता दगड होतो, आणि आम्ही दोघं होतो.

माझ्या अंगाला अंग लावून थोरला उभा होता. माझ्याहून उंच, माझ्याहून रुंद. वारा आधी त्याला लागायचा, उरलासुरला मला. मेंढरं त्याच्या आडोशाला बसायची. माझ्याकडे कोण बघतंय? मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. धाकट्याला वाटत नसतं.

मग लढाई आली.

वरच्या माथ्यावर तोफा आणून लावल्या गेल्या. खाली ओढ्यापाशी करड्या घोड्यांचा रिसाला उभा राहिला. त्यांनी चढ चढून तोफा घ्यायच्या, असा हुकूम होता. ज्यानं तो दिला त्यानं हा चढ कधी पायी चढून पाहिला नसावा.

या रिसाल्यात एक रीत होती. हल्ल्याआधी प्रत्येक स्वार लगामाची चामडी वादी डाव्या मनगटाला गुंडाळून गाठ मारायचा. आपण पडलो तरी घोडा हातचा जाऊ नये म्हणून. घोडा असला तर माणूस घरी पोचतो, असं ते म्हणायचे.

पहिला गोळा रांगेच्या मधोमध पडला. घोड्यांच्या पोटातलं सगळं गवतावर आलं आणि मागच्या घोड्यांचे पाय त्यात घसरले. एक स्वार मुंडकं नसताना बराच वेळ खोगिरावर बसून होता. घोडा त्याला घेऊन तसाच रांगेत धावत होता. घोड्यांना शिकवलेलंच तसं होतं, शेजाऱ्याला सोडायचं नाही. ज्यांचे स्वार पडले ते घोडेही मेलेल्यांना मनगटानं ओढत तोफांकडे धावत राहिले. माणसं ओरडतात ते मी आधी ऐकलं होतं. घोडा ओरडतो ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि पुन्हा ऐकायचं नाही.

आमच्यापर्यंत एक स्वार पोचला. त्याची घोडी शहाणी नावाची. तो तिच्या मानेवर वाकून म्हणत होता, "चल गं बये, या दगडांपर्यंत चल, पुढचं पुढं बघू."

तेवढ्यात गोळा थोरल्यावर बसला.

थोरला फुटला. हजारो वर्षं उभा असलेला माझा भाऊ एका क्षणात खडी झाला. त्याचे तुकडे सुऱ्यांसारखे उडाले, आणि त्यातला एक त्या स्वाराच्या पोटात शिरला. घोडीचा एक कान गेला. माझ्या भावानं त्याला मारलं. हे मी कुणालाही सांगितलं असतं, पण दगडाला विचारतो कोण?

स्वार खाली घसरला आणि माझ्या अंगाला पाठ टेकून बसला. एका हातानं पोट धरलेलं, दुसऱ्या हाताला वादी. शहाणी जागची हलली नाही. माथ्यावरून जे हलेल त्यावर गोळी येत होती, म्हणून खालून कुणी वर येऊ शकलं नाही.

तो हाका मारत होता. "खिळ्या, ए खिळ्या." आधी मोठ्यानं, मग घरातल्या घरात मारावी तशी. खिळ्या म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, रिसाल्याचा नालबंद. नाल ठोकताना तोंडात खिळे धरायचा, बोलायला सांगितलं तरी काढायचा नाही, म्हणून हे नाव दादानंच पाडलेलं. "खिळ्या, पाणी आण रे. खिळ्या, लवकर ये, नाहीतर आईला काय सांगशील?"

ऊन कलायच्या आधी हाका थांबल्या. त्याच्या पाठीची ऊब माझ्यात होती, ती हळूहळू गेली. मुंग्या आल्या. मुंग्या खोटं बोलत नाहीत.

पुढचं मी खिळ्याच्याच तोंडून ऐकलं.

दिवेलागणीला तोफा गाडीला जोडून निघून गेल्या. रानभर मोकळी जनावरं भटकत होती. अशा वेळी रिसाल्यात तोबऱ्याचा बिगूल वाजवतात. दाण्याची पिशवी तोंडाला बांधायच्या वेळेचा तो बिगूल. तो ऐकला की घोडा कुठंही असो, परत येतो. खिळ्या बिगुलवाल्याच्या मागं लागला. "वाजव की. शहाणी येईल, आणि शहाणी आली की दादा आलाच."

"तुझ्या दादालाही तोबरा बांधतोस काय रे?" बिगुलवाला म्हणाला.

"बांधीन. तू वाजव."

जागेवरून उठून वर शोधायला जावं, हे त्याला सुचलं नाही. घोडी येतेच; आयुष्यभर येत आलेली. त्याच्या रिसाल्यातल्या कुणालाही दुसरं सुचलं नसतं.

बिगूल वाजला. शहाणीचा उरलेला कान उभा राहिला, आणि ती निघाली. मनगटाची गाठ पक्की होती. माझ्या अंगाला घासत तो ओढला गेला, थोरल्याच्या धारदार तुकड्यांवरून, उताराच्या काट्यांवरून. ओढ्यापाशी पोचला तेव्हा त्याला तोंड उरलं नव्हतं. खिळ्यानं खूर तासायच्या सुरीनं वादी कापली. बुटांवरून ओळख पटली. शहाणी तोबऱ्याची वाट बघत उभी होती.

दोन वर्षांनी मला स्मारक करायचं ठरलं. एक पाथरवट आणि त्याची बायको महिनाभर माझ्यापाशी राहिली. तो छिन्नी चालवायचा, ती हत्यारांना धार लावायची आणि चुका काढायची.

"घोड्यापेक्षा माणूस जास्त हसतोय," ती म्हणाली.

"साहेबांनी सांगितलंय, हसरा पाहिजे."

"त्यांना बसव तोफेपुढं. बघू कोण हसतंय."

त्यानं तरी हसूच कोरलं. उधळलेला घोडा, उगारलेली तलवार, खाली अक्षरं: 'ते हसत मरणाला सामोरे गेले.' मला लाज वाटत होती. पण छिन्नीपुढं दगडाचं काय चालतं?

उद्घाटनाला खिळ्या आला. भाषण चालू असताना तो पुढं झाला, पिशवीतून नालबंदाचा हातोडा काढला आणि कोरलेल्या तोंडावर घातला. पहिल्या घावात नाक गेलं, दुसऱ्यात हसू. "याला तोंड नव्हतं," तो म्हणत होता. "मी बघितलंय, याला तोंडच नव्हतं." शिपायांनी त्याला धरून माझ्यावरच आपटलं. त्याच्या दातांचं रक्त अक्षरांत उतरलं. ज्या जागी दादा टेकून बसला होता, नेमक्या त्याच जागी. मला दुखलं नाही. मला बरं वाटलं, हे खरं सांगतो.

पाथरवटाला दुरुस्तीला बोलावलं. त्यानं हात फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "घाव आत गेलाय. नवं तोंड बसणार नाही." बसलं असतं. त्याची बायको मागं उभी राहून त्याच्याकडे बघत होती, एवढंच. आता पाहुण्यांना दाखवणारा माणूस सांगतो, की हे लढाईतल्या गोळ्याचं आहे. पाहुणे त्या खड्ड्यात बोट घालून बघतात, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात, पोरांना घोड्यावर बसवतात.

खिळ्या अजून येतो. गर्दी पांगल्यावर माझ्यापाशी बसतो आणि दर वेळी एकच विचारतो. "दादा, बिगूल वाजला तेव्हा तू होतास का रे? होतास का? तूच सांग." मग बिगुलवाल्याला शिव्या देतो, मग स्वतःला. नाल ठोकणं त्यानं सोडलंय. घोडा दिसला की रस्ता बदलतो.

परवा आला तो ती वादी घेऊन. कापलेली, रक्तानं कडक झालेली. तिचं एक टोक माझ्या घोड्याच्या मानेला बांधलं, दुसरं आपल्या मनगटाला, आणि पाठ टेकून बसला. मग ओठ दाबून त्यानं तोबऱ्याचा बिगूल वाजवला, तोंडानं. आणि वाट बघत राहिला. माझा घोडा दगडी. तो कुठून ओढणार?

उजाडलं तेव्हाही तो तसाच होता. पाथरवटाच्या बायकोनं, ती कधीमधी गवताला येते, गाठ सोडून त्याला खाली नेलं. पुढच्या खेपेला ती इथं असेलच असं नाही. म्हणून मी बोलतोय.

तुम्ही चढ उतरलात की ओढ्यापाशी खिळ्याचं दुकान लागेल. दारं-फाटकं आणि बिजागऱ्या नीट करून देतो. तोंडात खिळे असतील, पटकन उत्तर देणार नाही. त्याला सांगा, की बिगूल वाजला तेव्हा तुझा दादा नव्हता. बऱ्याच आधी गेला होता. शहाणीनं ओढलं ते प्रेत होतं. ज्याच्या अंगावर तो गार झाला, त्याची ही साक्ष आहे.

तो खिळे तोंडातून काढेल आणि विचारेल, मरताना काही बोलला का. विचारेलच.

तेव्हा नाही म्हणा. काहीच बोलला नाही म्हणा. हाका माझ्यापाशी राहू देत.