सातच खडे

सोमवारी संध्याकाळी माझे वडील, नाना, डोळ्याला भिंग लावून खुशालचं बंद पडलेलं घड्याळ उघडून बसले होते. "सरोज, गंमत बघ. तबकडीवर नाव मोठ्या स्विस कंपनीचं, आत खडे मात्र सातच! साहेब लोकांनी आपल्यासाठी मागच्या दाराने हलका माल पाठवला."

मला ते ठाऊक होतं. मी नुसती हसले. आमच्या वर्ध्याच्या दुकानातला तो शेवटचा साधा दिवस.

चांगल्या घड्याळाची चक्रं माणकाच्या सतरा खड्यांवर फिरतात. कंपनीने यंदा, छप्पन साली, सात खड्यांचं स्वस्त घड्याळ काढलं. एजंट प्रभाकररावांनी तेही सतराचंच म्हणून विकलं.

मंगळवारी नानांनी खुशालला खरं ते सांगितलं. तो सेलूचा भाजीवाला, तिथेच उसळला. "मंग दहा खडे कुठी गेले, नाना? काऊन काढले?" कारागीर खडे चोरतो, हा संशय लोकांच्या मनात असतोच. तो नानांना ओढत प्रभाकररावांच्या पेढीवर घेऊन आला.

"मी दिले तेव्हा सतरा होते," प्रभाकरराव म्हणाले.

मी तिथेच नोकरीला, टंकयंत्रापुढे होते. सात खड्यांबद्दलचं कंपनीचं इंग्रजी पत्र मीच प्रभाकररावांना वाचून दाखवलं होतं. नानांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी नोकरी सांभाळली.

त्यानंतर दुकानात एकही घड्याळ आलं नाही. महिन्याभरात नाना गेले.

तेरवीचं आमंत्रण द्यायला मी स्वतः प्रभाकररावांकडे गेले. तसलं घड्याळ घेतलेल्या प्रत्येकाकडेही मी गेले. पंगतीत प्रभाकररावांना मधोमध बसवलं. सगळ्यांचं जेवण होईपर्यंत पंगतीतून कोणी उठत नाही, म्हणून बुंदी वाढून होईतो मी थांबले.

"झालं गेलं विसरू, बेटा," प्रभाकरराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मोह कोणाला सुटलाय? आम्ही नानांना माफ केलं."

"तुमचं मन लय मोठं हाय, शेटजी," खुशाल म्हणाला.

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. प्रभाकररावांचा घास हातातच राहिला.

"जेवा काका, भात यायचाय अजून. खुशालभाऊ, तुमच्या घड्याळात खडे आलेच होते सात. कंपनीने तसं लिहून कळवलं होतं. ते पत्र मी यांना वाचून दाखवलं. यांना माहीत होतं. आणि नाना तिथे चोर ठरत होते तेव्हा मलाही माहीत होतं."