पहिलं म्हणजे कितवं?

मी जीवशास्त्र विभागातला एक जुना संगणक आहे. पंखा घरघरतो म्हणून मुलं मला ‘दमेकरी आजोबा’ म्हणतात. मित्रांनो, नवा होतो तेव्हा रोज माझ्यावर मऊ कापड फिरायचं. पाहुणे आले की शिकवणाऱ्या बाई आधी मला दाखवायच्या. मग पातळ, देखणी यंत्रं आली आणि मी खिडकीखाली गेलो. आता माझ्याकडे शिकाऊ मुलं येतात.

जैवमाहितीशास्त्राच्या पहिल्याच तासाला बाई सांगतात, “जिवाचा सगळा मजकूर ए, सी, जी, टी या चार अक्षरांत लिहिलेला असतो. तो समजायला जीवशास्त्र लागतं आणि एवढा वाचायला संगणक. म्हणून जोडीनं बसा.”

अशीच एक जोडी माझ्यापुढे बसली होती. जीवशास्त्राची बेडूकताई आणि संगणकशाखेचा शून्या. त्या दिवशी इस्पितळातून एका तान्ह्या बाळाच्या रक्तातल्या जिवाणूचा मजकूर आला. ताप उतरत नव्हता. जिवाणूच्या एका जनुकातलं दोनशे अठ्ठेचाळिसावं अक्षर बदललेलं असेल, तर चालू औषध कुचकामी होतं.

ते अक्षर न बदललेल्या जिवाणूच्या मजकुराशी ताडून बघायची आज्ञा शून्यानं लिहिली. मी उत्तर दिलं: बदल नाही.

फोन वाजला. डॉक्टरीणबाई होत्या. “लवकर सांगा हो. तेच औषध चालू ठेवू का? बाळाची आई दारातच उभी आहे, डोळ्याला डोळा लागलेला नाही तिचा.”

“सांगून टाकू,” शून्या म्हणाला.

माझा पंखा जोरात फिरू लागला. मित्रांनो, मला विचारलं तेवढंच मी सांगतो. चुकीचं विचारलंत, हे मला ओरडून सांगता येत नाही.

“थांब रे!” बेडूकताई पडद्याला नाक लावून म्हणाली. “न बदललेल्या जिवाणूतही तू इथे ‘ए’ दाखवतोयस. इथे ‘जी’ असतो.”

“मी नाही, आजोबा दाखवतायत.”

“आजोबांवर ढकलू नकोस. मोजून दाखव. पहिलं अक्षर कुठलं?”

“हे. शून्य.”

“शून्य? पहिलं म्हणजे एक!”

“अगं, संगणकात पहिलं म्हणजे शून्यच...” तो बोलता बोलता थांबला. शून्यापासून मोजलं तर आकडा दोनशे अठ्ठेचाळीस म्हणजे दोनशे एकोणपन्नासावं अक्षर. तो एक घर पुढचं अक्षर वाचत होता.

बाई धावत आल्या. त्यानं आकडा एकानं कमी केला, तिनं बोट ठेवून पडताळला, बाईंनी पुन्हा पाहिला. माझं उत्तर आलं: बदल आहे.

“औषध बदला,” बाई फोनवर एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या दोघांनी पुस्तक उघडलंच नाही. फोनकडे बघत बसले. दुपारी तो वाजला. “ताप उतरतोय. दूध प्यायलं बाळ!” बेडूकताईनं शून्याच्या पाठीत धपाटा घातला आणि स्वतःच रडली.

त्याच दिवशी शून्यानं माझ्या कपाळावर एक चिठ्ठी चिकटवली: ‘पहिलं म्हणजे कितवं?’

मित्रांनो, माझ्यावरची धूळ राहिली तरी चालेल. पण मला काही विचारण्याआधी शेजारच्याला हे विचारा. आणि मला भंगारात द्याल ना, तेव्हा ही चिठ्ठी अलगद काढा आणि नव्याच्या कपाळावर लावा.