वाजलं का?

काकासाहेब ड्रायव्हरच्या सीटवर मान ताठ धरून बसले होते आणि समोरच्या काचेला आतून चिकटवलेली एक काळी डबी दोन्ही हातांनी दाबत होते. शेजारच्या बाजूला डॅशबोर्डखाली गाड्यांचं वायरिंग करणारा गयासोद्दीन पाठीवर पडून होता. तो अर्धा गाडीत होता, अर्धा रस्त्यावर. जुन्या जालन्यातल्या त्याच्या दुकानापुढच्या गल्लीत सायकली त्याच्या पायांना वळसा घालून जात होत्या. एक शेळी मात्र थांबली आणि तिनं त्याची चप्पल नीट हुंगून पाहिली.

"लेवल बघा, काकासाब. नाक वर न्हाई पाहिजे."

"कुणाचं?"

"मशीनचं."

काकासाहेबांनी डबीचं नाक खाली केलं. जाता जाता स्वतःचंही थोडं केलं.

डबी ओहायोहून आली होती. पुढं कुठं पोलिसांनी गाड्यांचा वेग मोजायचं रडार लावलं असेल तर त्याच्या लहरी पकडून ही डबी आधीच कोकलणार, चालवणाऱ्यानं वेग कमी करायचा आणि पोलिसांनी हात चोळत बसायचं, अशी एकंदर योजना होती. योजनेत दोनच उणिवा होत्या. काकासाहेबांची फियाट पन्नासच्या पुढं गेली की मागचं डावं दार आपोआप उघडायचं. आणि जालना जिल्ह्यात रडार नव्हतं.

पण त्यांच्या मुलाला, भुजंगला, तिकडं दोनदा दंड झाला होता. बापावर ती वेळ येऊ नये म्हणून त्यानं सुट्टीवर येणाऱ्या एका ओळखीच्याबरोबर डबी धाडली. तिची वायर सिगारेट पेटवायच्या भोकात खुपसायची होती. फियाटला असं भोक नव्हतं. म्हणून गयासोद्दीननं फ्यूजच्या पेटीतून वायर काढली, काचेच्या कडेनं वर नेली, टपाच्या कापडाखाली दडवली आणि आरशापाशी बाहेर आणली. वायर कुठं दिसत नव्हती. काम देखणं झालं होतं. डबीवरचा हिरवा दिवा लागायचा. ती वाजत तेवढी नव्हती.

"वाजलं का काकासाहेब?" शेजारच्या दुकानातून गादीवाल्या संपतनं विचारलं. सगळी गल्ली हेच विचारत असे.

"न्हाई अजून."

"पोलीस ठाण्यापुढं उभी करून बघा ना."

"बघितली."

"मंग?"

"एका शिपायानं येऊन गाडी मागं घ्या म्हणलं. त्याच्या अंगावर गाडी जाऊन राह्यली, तरी वाजलं न्हाई."

डबीची ही तिसरी जागा. आधी ती खाली डॅशबोर्डवर होती, तर पुढं वायपर आडवा येत होता. मग वर नेली, तर काचेवरची निळी पट्टी आली. आता आरशाखाली यायची तर तिथं चकचकीत कागदाची अक्षरं होती, 'श्री राजुरेश्वर प्रसन्न'. चकचकीत कागदातून लहरी जात नाहीत, असं भुजंगचं म्हणणं. अक्षरांना हात लावायचा नाही, असं काकासाहेबांच्या बायकोचं, नंदाबाईंचं. तेव्हा 'राजुरेश्वर' आणि 'प्रसन्न' यांच्या मधल्या फटीत डबी बसवायचं ठरलं. पुढून पाहणाऱ्याला देव कुणावर तरी एक डबीभर थांबून प्रसन्न होत आहे, असं दिसे.

काकासाहेब पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. आलेल्या सूचनेचं पालन करायचं आणि तसं कळवायचं, यात त्यांची हयात गेली होती. भुजंगचा फोन रविवारी सकाळी यायचा. तिकडं तेव्हा शनिवारची रात्र असे.

डबी येण्याआधी हा फोन फार सुटसुटीत होता.

"दादा, बरंय ना?"

"बरंय. तुझं?"

"बरंय. पाऊस?"

"बराय. तिकडं?"

"बर्फ. आईला देता का?"

मग नंदाबाई फोन घ्यायच्या, जेवलास का विचारायच्या. तो हो म्हणायचा. एवढ्यात त्याचं फोनचं कार्ड संपत आलेलं असायचं. चार वर्षांत तो घरी आला नव्हता आणि तो विषयही तिघांनी मिळून शिताफीनं टाळला होता.

डबी आल्यावर चित्र पालटलं. भुजंग पहिल्याच वाक्याला "वाजलं का?" विचारू लागला आणि नाही म्हटलं की त्याला हुरूप चढू लागला. डबी काचेपासून किती लांब आहे, रस्त्याला समांतर आहे का, वायपर मधे येतो का. काकासाहेब म्हणायचे, "थांब, बघून येतो," आणि रिसीव्हर नंदाबाईंच्या हातात देऊन मोजायचा टेप घेऊन अंगणात जायचे. ते परत येईपर्यंत फोन नंदाबाईंचा.

अशा मधल्या वेळांत नंदाबाईंना बरंच काही कळलं होतं. भुजंगला तिकडं मक्याचं पीठ मिळतं आणि तो त्याच्या भाकरी थापतो. त्या फाटतात. नातीला मराठीतलं 'बास' एवढं चांगलं येतं. मधे दोन महिने नोकरी नव्हती, ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला सांगितलं आणि लगेच म्हणाला, दादांना सांगू नको. त्यांनी ते त्याच दिवशी दुपारी सांगितलं. काकासाहेबांनी पेपरचं पान उलटलं आणि नंतर बऱ्याच वेळानं, "मिळाली ना पण आता?" असं विचारलं.

एकदा अंगणात गाडीत बसलेले असताना त्यांना घरातून नंदाबाईंचं हसू ऐकू आलं. मोकळं, मोठ्यानं. काकासाहेबांचं माप घेऊन झालं होतं. त्यांनी ते पुन्हा घेतलं.

गुरुवारी गयासोद्दीन स्वतःच घरी आला. लुनावरून उतरायच्या आधीच बोलू लागला.

"काकासाब, आलं! औरंगाबाद रोडला रडार आलं. माझा मेहुणा जीप चालवतो, त्यानं डोळ्यांनी बघितलं. बाभळीखाली पोलीस बसल्येत घेऊन."

काकासाहेबांनी हातातला चहा खाली ठेवला. जिल्ह्यातल्या बाकी वाहनमालकांना ही बातमी ऐकून काय वाटलं असेल ते असो. यांच्या चेहऱ्यावर बदलीचा अर्ज मंजूर झाल्यासारखा उजेड पडला.

"चला," ते म्हणाले.

"मीबी येते," नंदाबाई म्हणाल्या.

"तू कशाला? पोलिसाचं काम."

"तुम्ही काय चोरी कराय चाललात?" असं म्हणून त्या पुढं बसल्यासुद्धा. गयासोद्दीन मागं बसला. मागचं डावं दार धरून ठेवायचं काम आपसूक त्याच्याकडं आलं.

बाभळीखाली खरंच एक हवालदार बसला होता. छातीवरच्या पट्टीवर 'तातेराव' एवढंच वाचता येत होतं. त्याच्या मांडीवर सलूनमध्ये केस वाळवायला असतं तसं एक यंत्र होतं आणि त्याची वायर शेजारच्या जीपमध्ये गेली होती. काकासाहेब त्याच्यासमोरून एकदा गेले. डबी गप्प. पुढं जाऊन वळले, परत आले. गप्प. तिसऱ्या खेपेला तातेरावनं स्वतःच हात करून गाडी थांबवली.

"काका, काही हरवलं का?"

काकासाहेब खाली उतरले. खोटं बोलायचं तर आधी मसुदा करावा लागे, आणि तेवढा वेळ नव्हता.

"तुमचं रडार चालू हाय का?" त्यांनी विचारलं.

तातेरावनं आजूबाजूला पाहिलं. "का बरं?"

"गाडीचा वेग मोजून पाहिजे होता. आमचा काटा बंद हाय." हे खरंच होतं. काटा पाच वर्षांपासून बंद होता.

तातेरावनं टोपी मागं सारली. "काका, सकाळपासून इथं बसून राह्यलो. लोक मला बघून गाडी वळवून चाललेत. मोजून द्या म्हणणारे तुम्ही पहिले." मग त्यानं आवाज उतरवला. "पण वायर तुटली हो. सकाळीच जीपच्या दारात सापडली. नुसतं हातात धरून बसलोय. तेवढ्यानंबी लोक भितेत."

"वायर तर जोडून देतो ना आपण," मागच्या सीटवरून गयासोद्दीन म्हणाला. "दार सोडू का, काकासाब?"

त्यानं खिशातून टेपची गुंडाळी काढली, दातानं वायर सोलली. पोलिसांना चुकवायची डबी ज्या हातांनी बसवली होती त्याच हातांनी पोलिसांचं यंत्र चालू होत होतं, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. नंदाबाईंनी डिक्कीतून पाण्याची बाटली काढून तातेरावला दिली. त्यानं गाव विचारलं. हसनाबाद म्हटल्यावर त्याची मावशी तिथलीच निघाली.

"या आता मोजून घ्यायला," तातेराव उत्साहानं उभा राहिला. "जरा जोरात या!"

काकासाहेब दूर जाऊन वळले. गिअर टाकला. नंदाबाईंनी डॅशबोर्डला हात लावला, गयासोद्दीननं दाराला. बाभूळ जवळ येऊ लागली आणि ती अजून बरीच लांब असतानाच डबी ओरडली.

ती वाजली असं म्हणता येणार नाही. तापलेल्या तव्यावर मांजर पडावं तसा तो आवाज होता. सगळे दिवे लाल झाले. सगळं याचसाठी करून आलेल्या काकासाहेबांनी दचकून ब्रेक दाबला, फियाट बंद पडली आणि घरंगळत नेमकी तातेरावपुढं येऊन थांबली. डबी कोकलतच होती.

"अडतीस!" तातेराव आनंदानं ओरडला. मग त्यानं काचेतून आत पाहिलं. "हे काय वाजून राह्यलं?"

"गाडीचं हाय," नंदाबाई म्हणाल्या. "पोरानं पाठवलंय."

पोरानं पाठवलेल्या वस्तूबद्दल पुढं विचारायची आपल्याकडं पद्धत नाही. तातेरावनंही विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर काकासाहेब बोलत होते. एरवी ते गाडी चालवताना बोलत नसत. भुजंगला कसं सांगायचं ते त्यांनी ठरवून टाकलं होतं. आधी नुसतं 'वाजलं' म्हणायचं. मग तो 'कुठं' विचारेल. मग अंतर सांगायचं. मग आवाज.

"दुरूनच धरलं की न्हाई, गयासभाई?"

"बिलकुल दुरून. जागा एकदम बराबर. आता याला हात लावायचं कामच न्हाई, काकासाब. जिंदगीभर."

"म्हणजे आता काहीच बघायचं न्हाई?" नंदाबाईंनी विचारलं.

"काहीच न्हाई, भाभी. काम खतम."

नंदाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. कपाशीची रानं मागं जात होती. काकासाहेबांनी दोनदा विचारलं, काय झालं. त्या दोनदा म्हणाल्या, काही न्हाई.

रविवारी काकासाहेब अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनजवळच्या खुर्चीत बसले. अहवाल द्यायचा तर पोशाख बरा असावा. त्यांच्या ओठांची हालचाल होत होती. नंदाबाई आत मेथी निवडत होत्या.

घंटी वाजली. काकासाहेबांनी घसा साफ केला, आणि रिसीव्हरला त्यांचा हात लागायच्या आत नंदाबाई आल्या आणि तो त्यांनी उचलला. एवढ्या वर्षांत रविवारचा फोन त्यांनी आधी कधी उचलला नव्हता. बोटांना मेथीची माती होती.

"हां, बोल बाबा. हायेत, इथंच हायेत." त्या थांबल्या. पलीकडून तोच प्रश्न आला असणार. "न्हाई रे," त्या म्हणाल्या. "न्हाई वाजलं अजून."

काकासाहेबांचा हात अर्ध्यावर राहिला.

नंदाबाई त्यांच्याकडं बघत होत्या. चेहऱ्यावर ना विनंती होती ना दटावणी. वरणात मीठ घातलं की नाही, हे सांगतानाही त्यांचा चेहरा असाच असे. मग त्यांनी रिसीव्हर पुढं केला.

"दादा," भुजंगचा आवाज आला, लांबून आणि ताजातवाना, "मला वाटतं पुढच्या काचेत जमणारच नाही. ती अक्षरं आहेत तोवर नाहीच. मागच्या काचेत लावून बघू या. वायर किती पुरेल?"

 काकासाहेबांचं तयार केलेलं वाक्य अजून तोंडातच होतं.

"दादा? ऐकू येतंय ना?"

"येतंय," ते म्हणाले. त्यांनी नंदाबाईंकडं पाहिलं. "मागच्या काचेत म्हणजे... बघावं लागंल. लांब पडतंय ते. थांब. बघून येतो मी. तवर आईशी बोल."

अंगणात फियाट फाटकाकडं तोंड करून उभी होती. काकासाहेबांनी मागचं दार उघडलं आणि ते मागच्या सीटवर बसले. गाडी घेतल्यापासून इथं ते कधी बसले नव्हते. गादी मऊ होती. त्यांनी वळून मागच्या काचेतून घराकडं पाहिलं. खिडकीत नंदाबाई दिसत होत्या, रिसीव्हर खांद्यानं कानाशी धरलेला. त्यांनी पायानं स्टूल ओढून घेतलं आणि त्या बसल्या.

काकासाहेबांनी दार लावून घेतलं.