मालकाचं पथ्य

बीडच्या डॉक्टरांनी मीठ तोडलं विठ्ठलरावांचं, आणि विठ्ठलरावांनी तोडलं म्हाळूचं. रक्तदाब मालकाला, पथ्य सालगड्याला. आमच्या लिंबागणेशच्या बाजूला असाच न्याय चालतो.

म्हाळू पाडव्याला त्यांच्याकडे सालानं राहिला, त्याच आठवड्यात हे झालं. एकट्याच्या ताटात अळणी वरण मालकांना सहन होईना, म्हणून त्यांनी घरातली मिठाची बरणीच उचलली. सत्यभामाबाई नवऱ्याची नजर चुकवून लोणच्यावर भागवायच्या. म्हाळूची बायको अंजना लेकीच्या बाळंतपणाला गेवराईला गेलेली, त्यामुळे तो तिन्ही वेळा मालकाच्याच घरचं जेवायचा. वैशाखात तो त्यांच्या विहिरीतला गाळ काढत होता. सदऱ्यावर घामाचे पांढरे डाग उठायचे, आणि हंडाभर पाणी पिऊनही पोटऱ्यांत गोळे यायचे.

त्यानं चिमूटभर मीठ मागितलं.

"पांढरं ईख हाय ते," विठ्ठलराव म्हणाले. "धडधाकट हाईस तवरच सोड. माझ्यावानी झाल्यावर सोडून काय फायदा?"

म्हाळूनं दुकानातून पुडा आणला, तर तो मालकांनी उकिरड्यावर ओतला. शेवटी एका दुपारी म्हाळू गोठ्यात म्हशीपुढं टांगलेली मिठाची वीट चाटताना सापडला. मालकांनी ते पारावर रंगवून सांगितलं, आणि गाव त्याला 'चाटण्या' म्हणून हसलं. मीही हसलो, सांगायला लाज वाटते. त्यानंतर त्यानं मिठाचं नावच काढलं नाही.

आठव्या दिवशी विहिरीतच त्याला झटके आले. वर काढेपर्यंत शुद्ध गेली होती. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, अंगातलं मीठ घामावाटे गेलं आणि वरून नुसतं पाणी. असल्या उन्हात राबणाऱ्या माणसाचं मीठ तोडलं कुणी? दिवस मावळायच्या आत म्हाळू गेला.

दहाव्याला विठ्ठलराव चार माणसांत बसून डोळे पुसत म्हणाले, "लई इमानी गडी. खाल्ल्या मिठाला जागला."

अंजना उंबऱ्यात बसली होती.

"मालक," ती म्हणाली, "तुमच्या घरी त्यांनी मीठ खाल्लं कवा?"

विठ्ठलराव टोपी सारखी करून निघून गेले. तेराव्यानंतर त्यांचाच निरोप आला, म्हशीच्या धारा काढायला माणूस नाही, जेवूनखाऊन राहा म्हणून. पोटाला दुसरा आधार नव्हता, अंजना गेली. जाताना पदराच्या गाठीला मिठाचे खडे बांधून गेली, आणि पहिल्याच दिवशी मालकाच्या डोळ्यांदेखत ते कालवणात चुरून जेवली.