छान म्हणायची तालीम

मराठवाड्यात परखड समीक्षेची परंपरा मोठी आहे. ती सत्तेपुढं वाकली नाही, पैशाला भुलली नाही आणि लोकप्रियतेपुढं तिनं कधी मान तुकवली नाही. याचं मुख्य कारण असं, की ही परंपरा म्हणजे आमचे चुलते तात्यासाहेब, आणि त्यांचं मत सत्तेनं, पैशानं किंवा लोकप्रियतेनं आजवर कधी विचारलेलं नाही.

ते मत शहागंजात, कमरोद्दीनच्या गादी-रजईच्या दुकानात, न विचारता मिळे. दोघं शाळेपासूनचे दोस्त. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून तात्या रोज सकाळी तिथल्या गाद्यांच्या थप्पीला टेकून बसत. शुक्रवारी दोघं सिनेमा बघत आणि शनिवारी त्याचा निकाल लागे. कमरोद्दीनला सगळेच सिनेमे आवडत. पडद्यावर कुणाची आई नुसती खोकली तरी त्याचा रुमाल बाहेर येई. तात्यांना मात्र आवडलेल्या सिनेमाचं नाव विचारलं, की ते थोडा विचार करत आणि पावसापाण्याचं काहीतरी बोलत.

"हीरो पन्नाशीचा हाये आन कॉलेजात शिकतोय," ते म्हणत. "मान्सानं नापास तरी किती वर्षं व्हावं?"

एका भुताच्या सिनेमावर ते सहानुभूतीनं म्हणाले होते : "भूत बिचारं मन लावून काम करत व्हतं. बाकीच्यांची ॲक्टिंग बघून तेच भ्यालं."

टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांबद्दल तर त्यांचं मत एखाद्या शेजाऱ्याबद्दल असावं तितकं पक्कं होतं. गड्यानं साडी नेसली की हसायचं, जाड माणूस पडला की हसायचं, आणि यातलं काहीच झालं नाही तर सोफ्यावर बसवलेला पाहुणा हसतो, तेव्हा हसायचं. मागून येणाऱ्या रेकॉर्ड केलेल्या हशाबद्दल ते कमरोद्दीनला विचारत, "कमरू, हे लोक ऱ्हातात कुठं रे? ह्यांच्याकडं नळाला रोज पानी येत असंल."

सिनेमा त्यांना आवडतोय की नाही हे ओळखायची एकच खूण होती. थिएटरात बसल्यावर ते चप्पल पायातच ठेवत, कारण कधी उठून जावं लागेल याचा नेम नसे. सिनेमा जमतोय असं वाटलं, तरच चप्पल काढून मांडी घालत. त्यामुळं कमरोद्दीन एक डोळा पडद्यावर आणि एक तात्यांच्या पायांवर ठेवून सिनेमा बघे. दोन्ही डोळे ओले असत, हा भाग वेगळा.

कमरोद्दीनची धाकटी अजरा लहानपणी या दोघांच्या मधल्या खुर्चीत बसून वाढली. पुढं ती पतपेढीत कॅशियर झाली आणि संध्याकाळी नाटकं करू लागली. दिवाळीच्या आधी मुंबईच्या एका विनोदी कार्यक्रमात तिला एका भागापुरतं बोलावलं. भागाचं शूटिंग झालं आणि त्यांनी विचारलं, वर्षभरासाठी येतेस का? जायचं तर पतपेढी सोडायची, मुंबईत खोली बघायची आणि वर्षानंतर काय, ते विचारायचं नाही.

तिनं बापाला विचारलं. कमरोद्दीन म्हणाला, "बेटा, मला नको इचारू. मला तर तू पतपेढीत नोटा मोजताना बी हिरॉईन दिसती."

"मग दिवाळी झाल्यावर एपिसोड लागंल तेव्हा तात्याकाका काय म्हणतात ते बघू," अजरा म्हणाली. "ते म्हणतील त्याच्यावर ठरवते."

हे ऐकून दोन्ही घरांत जो सन्नाटा पसरला तो मी स्वतः अनुभवला आहे. तात्यांच्या एका वाक्यामुळं आमच्या ओळखीतल्या एका होतकरू गायकानं विमा एजन्सी घेतली होती. तो आता त्यांचाच विमा उतरवा म्हणून मागं लागलेला असतो.

काकूंनी, म्हणजे चतुराबाईंनी, त्याच दिवशी सूत्रं हातात घेतली. "अहो, लेकरासारखी हाये आपल्याला. येक शब्द बोलायचा. छान. म्हणून बघा बरं."

"आन काम वाईट असलं तर?"

"तर दोनदा म्हना."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळं खोटी स्तुती करण्याचा अनुभव घरात फक्त मलाच आहे असं सगळ्यांचं मत. ते बरोबर आहे. तेव्हा त्यांना तयार करण्याची जबाबदारी माझ्यावर आली, आणि एपिसोडच्या आदल्या दिवशी मी त्यांना तालमीसाठी मॉलमधल्या एका सिनेमाला घेऊन गेलो. सिनेमा मुद्दाम वाईट निवडला होता. निवडायला फार त्रास पडला नाही.

तिथली खुर्ची बटण दाबलं की आडवी होते. तात्या पायात चपला ठेवून आडवे झाले आणि समाधानानं म्हणाले, "हे बरंय. झोपायचं हाये हे त्यांनीच कबूल केलं."

सिनेमा संपल्यावर सरकत्या जिन्यावर मी तालीम सुरू केली. "म्हणा तात्या. सिनेमा..."

"सिनेमा."

"सिनेमा कसा होता?"

"सिनेमा चालू व्हता."

"तात्या, छान म्हणा."

"एसी छान व्हता."

"एसीबद्दल नाही. कामाबद्दल."

त्यांनी जिन्याचा पट्टा घट्ट धरला, डोळे मिटले आणि "छा" इथपर्यंत आले. तिथं त्यांना ठसका लागला. खाली सिक्युरिटीवाल्यानं खुर्ची आणि पाणी आणून दिलं आणि बाबांना बीपी आहे का, असं मला विचारलं. पार्किंगमध्ये, गाडीच्या आडोशाला, कुणी बघत नाही याची खात्री करून त्यांनी तो शब्द एकदाचा पूर्ण उच्चारला. नंतर घरापर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

शनिवारी संध्याकाळी आम्ही कमरोद्दीनच्या घरी, दुकानाच्या वरच्या मजल्यावर जमलो. नव्या कोऱ्या गाद्या टाकल्या होत्या. कमरोद्दीननं सवयीनं तात्यांच्या पायांकडं बघितलं आणि तो गोंधळला. चपला अर्थातच सगळ्यांनी दाराबाहेर काढल्या होत्या. इतक्या वर्षांची खूण नेमकी आजच उपयोगाची राहिली नव्हती.

कार्यक्रम सुरू झाला. दवाखान्याचा देखावा होता. डॉक्टरीणबाई म्हणून एक गडी साडी नेसून आला. पेशंट खाटेवरून पडला. सोफ्यावरचे पाहुणे हसले. पेशंटला वर ठेवलं, तो परत पडला. पाहुण्यांनी टाळ्या दिल्या. मग अजरा नर्सच्या पोशाखात आत आली, तिनं पेशंटची नाडी बघितली, तीन वाक्यं बोलली आणि गेली. पुढं पेशंट परत पडला, पण ते आमच्यापैकी कुणी नीट बघितलं नाही. कमरोद्दीन नावं येत होती तेव्हापासूनच रडत होता, त्यामुळं त्यानं तर काहीच बघितलं नव्हतं.

टीव्ही बंद झाला. अजरा भिंतीला टेकून बसली होती आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. सगळे तात्यांकडं बघायला लागले. काकूंनी घसा खाकरला, तो सूचना म्हणून होता.

"छान," तात्या म्हणाले. मग त्यांना काकूंचं सांगणं आठवलं असावं. "लई छान."

तालीम वाया गेली नाही याचा मला क्षणभर आनंद झाला. अजराचा चेहरा मात्र उतरला. डॉक्टर एकदम गोड बोलायला लागला की नातेवाइकांना जे कळतं, ते तिला कळलं.

"इतकं वाईट झालं का काका?"

"अरे छान म्हनला ना तो!" कमरोद्दीन म्हणाला. "दो बार म्हनला!"

"अब्बा, काकांनी आजपर्यंत कशाला छान म्हटलंय?"

कमरोद्दीननं आठवून बघितलं. बराच वेळ आठवून बघितलं. मग त्यानं परत रुमाल काढला.

तात्या माझ्यावर उखडले. "बघ! मी सांगितलं व्हतं का नाय? अजू, हे समदं ह्या प्रोफेसरचं काम हाये. काल ह्यानं मला मॉलात नेऊन तालीम दिली."

"तालीम? छान म्हणायची?"

"व्हय. सिक्युरिटीवाल्यानं पानी पाजलं मला."

अजरा हसायला लागली आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. "बरं. आता तालीम सोडून सांगा."

काकू "अहो" म्हणाल्या, पण उशीर झाला होता. तात्यांनी मांडी घातली.

"कार्यक्रम भंगार हाये. तो पडनारा गडी नीट पडला असता तर परत उठला नसता आन आपन सुटलो असतो. साडीवाला तर हसू मागायला पदर पसरून बसलाय. सोफ्यावरच्या लोकांना आधी चहा द्या आन घरी लावून द्या."

"आणि मी?"

"तू आत आलीस. नाडी धरलीस. आन भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलंस."

"ते स्क्रिप्टमध्ये नव्हतं काका."

"म्हाईत हाये. लिहिनाऱ्यानं घड्याळाकडं बघितलं असतं तर येवढं लांबवलं नसतं." ते थांबले. "पन तेवढं दोन मिनटं मला वाटलं, खाटेवरचा मानूस खरंच आजारी हाये. समदे तिथं हसवायला आलते. तू येकटी ड्युटीवर आलती."

कमरोद्दीन रडायचा थांबला, आणि ही गोष्ट माझ्या माहितीत पहिल्यांदाच घडत होती.

"आन तिसरं वाक्य तू कॅमेऱ्याकडं बघून म्हनलीस," तात्या पुढं म्हणाले. "दात काढून. त्यांच्यासारखं. ते घान केलंस."

"मला तसं करायला लावलं हो."

"लावलं तरी घान ती घानच."

काकूंनी कपाळावर हात मारला. अजरा मात्र सरकून तात्यांच्या समोर येऊन बसली. "मग जाऊ का नको?"

"ते मला नको इचारू. मी बघनारा मानूस. बघनाऱ्यानं बघावं, बोलावं आन घरी जावं." तात्यांनी गादीवरचा एक दोरा उपटला. "पन तू ग्येलीस, तर दर शनिवारी बघीन."

"पूर्ण?"

"पूर्ण."

हे वाक्य ऐकायला साधं आहे. त्याचा अर्थ असा, की तो साडीवाला, तो पडणारा, ते सोफ्यावरचे पाहुणे आणि नळाला रोज पाणी येणारी ती सगळी अदृश्य माणसं तात्यासाहेब वर्षभर, आठवड्यातून एकदा, स्वखुशीनं सोसणार होते. आमच्या घराण्यात यापेक्षा मोठा त्याग कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

"मग मी जाते," अजरा म्हणाली.

कमरोद्दीन उठला आणि त्यानं तात्यांना मिठी मारली. "तात्या, जालीम आदमी है तू!" असं म्हणून तो राहिलेलं रडला. काकूंनी जिना उतरताना मला बजावलं, की खरं तेच बोला, असं त्या पहिल्यापासून म्हणत होत्या. एका प्रामाणिक मतानं एका मुलीच्या आयुष्याला वळण दिलं, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं, आणि त्यावर एक लेख लिहायचं घरी पोचेपर्यंत माझ्या मनात पक्कं झालं होतं.

मंगळवारी पतपेढीत पासबुक भरायला गेलो. अजरा जेवायला गेली होती. काउंटरवरच्या बद्रीनाथला मी थोडं गंभीर होऊन सांगितलं, की तुमच्या अजराताई बहुतेक नोकरी सोडणार, तेव्हा मनाची तयारी ठेवा.

"म्हाईत हाये की सर," बद्रीनाथ म्हणाला. "राजीनामा त्यांनी दिवाळीआधीच दिला. तीस तारखेला शेवटचा दिवस हाये."